विकत घेतलेल्या खेळाचा धनी कोण?

खेळ हा विषय निबंधाला हलका, असें मानण्याची आपल्याकडे एक जुनी चाल आहे. धर्म, नीति, राज्यव्यवहार, शिक्षण यांवर शहाण्या माणसानें लिहावें आणि खेळ मुलांवर सोपवावा, असा हा संकेत. परंतु नीतीचे प्रश्न नेहमीं मोठ्या वेषांतच आपल्यापुढें येतात असें नाहीं. पुष्कळदां ते एखाद्या मुलाच्या हातांतील खेळण्याच्या रूपानें घरांत शिरतात आणि आपण त्यांस ओळखीत नाहीं. हातांत धरून खेळावयाचीं जीं व्हिडिओ गेमचीं यंत्रें आहेत, त्यांवर जुने खेळ किंवा परदेशांतून आणविलेले खेळ खेळूं पाहणाऱ्यांस नाना अडचणी येतात. या अडचणींची नुसती यादी केली तर ती एका छंदी माणसाची रडकथा होईल. पण प्रत्येक अडचणीपुढें थांबून, "ही कोणी घातली, आणि कोणत्या अधिकारानें?" असें विचारीत गेलें म्हणजे त्या यादींतून दोन गंभीर प्रश्न उभे राहतात. पैसे मोजून घेतलेली वस्तु आपली होते ती कोणत्या अर्थानें? आणि ज्यानें ती विकली त्यानेंच पुढें दार लावून घेतलें, तर तें दार उघडणारा चोर ठरतो काय?

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. जपानांतील क्योतो शहरीं १८८९ सालीं खेळावयाचे पत्ते तयार करणारी एक पेढी निघाली. तीच पुढें निन्टेन्डो या नांवानें जगप्रसिद्ध झाली. या कंपनींतील गुन्पेई योकोई नांवाच्या कल्पक माणसानें १९८० सालीं 'गेम अँड वॉच' हीं खिशांत मावणारीं खेळणीं काढलीं, आणि त्याच्याच विभागांत तयार झालेलें 'गेम बॉय' हें यंत्र १९८९ सालीं बाजारांत आलें. योकोईचें एक तत्त्व प्रसिद्ध आहे. नवीनांत नवीन विद्येमागें न धांवतां, जी विद्या जुनी होऊन मुरली आहे आणि म्हणून स्वस्त झाली आहे, तिचाच नवा उपयोग शोधावा, असें तो म्हणे. गेम बॉयचा पडदा हिरवट, रुंदीला १६० व उंचीला १४४ ठिपक्यांचा, आणि त्यांत छटा अवघ्या चार. पडद्याला आंतून उजेड नसल्यामुळें मुलांना खिडकीशीं किंवा दिव्याखालीं बसून खेळावें लागे. परंतु चार पेन्सिल-सेलांवर तें यंत्र तासन्‌तास चाले, पडलें तरी सहसा मोडत नसे, आणि किंमत आटोक्यांत असे. तें व त्याची पुढची रंगीत आवृत्ति मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रें जगभर खपलीं.

यंत्र एक आणि खेळ अनेक, अशी ही रचना. प्रत्येक खेळ प्लास्टिकच्या लहानशा डबींत बंद असे. आपल्याकडील मुलें तिला सरसकट 'कॅसेट' म्हणत, तोच शब्द येथें वापरूं. यंत्र चालू केलें कीं कंपनीचें नांव पडद्यावर वरून खालीं हळूहळू उतरे. पाहणाऱ्यास ती केवळ शोभा वाटे, पण तिच्यांत एक मर्म होतें. नांवाचें तें चित्र कॅसेटमधून वाचलें जाई आणि यंत्राच्या पोटांतील चित्राशीं ताडून पाहिलें जाई. दोहोंत फरक निघाला तर यंत्र तेथेंच अडून बसे. म्हणजे कंपनीची मुद्रा हीच कुलपाची किल्ली होती. परवानगीवांचून कॅसेट करणाऱ्यास ती मुद्रा उतरून घेणें भागच पडे आणि त्यायोगें तो कायद्याच्या पकडींत सांपडे, अशी ही योजना. तथापि या कुलपाला देशाचा भेद ठाऊक नव्हता. तोक्योमध्यें घेतलेली कॅसेट न्यूयॉर्कमध्यें घेतलेल्या यंत्रांत निमूटपणें चाले. पुढें जें झालें त्याच्याशीं तुलना करण्यासाठीं ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां अडचणींकडे वळूं. त्यांचे स्थूलमानानें चार वर्ग पडतात: काळाच्या, देशाच्या, भाषेच्या आणि दुकानाच्या.

काळाच्या अडचणी सर्वांत प्रामाणिक म्हटल्या पाहिजेत, कारण त्या कोणी मुद्दाम घातलेल्या नाहींत. धातूच्या पट्ट्यांवर मळ चढतो, कॅसेट लागत नाहीं, आणि मग तोंडानें फुंकर घालण्याचा जगप्रसिद्ध उपाय सुरू होतो. या उपायानें लाभाऐवजीं हानिच होते. श्वासांतील ओलावा धातूला खातो. सेगा कंपनीचें 'गेम गियर' हें १९९० चें रंगीत यंत्र तर आंतील कपॅसिटर गळल्यामुळें आवाज व चित्र दोन्ही गमावून बसण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. याहून हळहळ वाटावी अशी गोष्ट निराळीच. गेम बॉयच्या पुष्कळ कॅसेटींत, खेळणाऱ्यानें केलेली प्रगति लक्षांत ठेवण्यासाठीं एक चपटा सेल झाळून बसविलेला असे. तो सेल दहा, पंधरा, फार तर वीस-पंचवीस वर्षें टिकतो. तो संपला कीं आंतील स्मृति पुसली जाते. १९९९ सालीं निघालेल्या 'पोकेमॉन'च्या सोनेरी व रुपेरी आवृत्तींत तर त्याच सेलावर एक घड्याळही चालत असे, म्हणून त्यांचे सेल लौकर मेले. लहानपणीं महिनेच्या महिने खपून जमविलेलें सारें, माणूस तिशींत येऊन कॅसेट लावून पाहतो तों नाहींसें झालेलें असतें. सेल बदलतां येतो, परंतु गेलेली स्मृति परत येत नाहीं. येथें कोणाशीं भांडावयाचें? जें घडलें तें मोडतें, हा सृष्टीचा नियम कॅसेटीलाही लागू आहे. मालकाचें कर्तव्य एवढेंच कीं वेळीं काळजी घ्यावी, आणि जें टिकवावयाचें असेल त्याची दुसरी प्रत आधींच करून ठेवावी. या शेवटच्या शब्दांतच पुढील वादाचें बीज आहे.

देशाच्या अडचणी मात्र माणसानें घातलेल्या आहेत. निन्टेन्डोचें २००४ चें 'डी एस' हें यंत्र गेम बॉयप्रमाणेंच उदार होतें. बहुतेक कोणत्याही देशाचा खेळ त्यांत चाले. त्याच घराण्यांतील २००८ च्या 'डी एस आय' यंत्राबरोबर, खास त्याच्यासाठीं केलेल्या खेळांना देशबंदी लागली, आणि २०११ सालीं आलेल्या 'थ्री डी एस'मध्यें तर ती पुरतीच बसली. जपानी खेळ जपानी यंत्रांत, अमेरिकन खेळ अमेरिकन यंत्रांत, युरोपचा युरोपच्या. आपल्या देशांत अशीं यंत्रें बऱ्याच घरीं आलीं तीं आप्तेष्टांच्या पेटींतून. मामानें अमेरिकेहून यंत्र आणावें, आत्यानें जपानहून त्यासाठीं हौसेनें खेळ आणावा, आणि घरीं दोहोंची गांठ पडल्यावर यंत्रानें खेळ ओळखण्याचें नाकारावें! भाच्याच्या दृष्टीनें हा प्रकार नात्यांतील अबोल्यासारखाच अनाकलनीय. दोन्ही वस्तु खऱ्या, दोहोंची किंमत रीतसर दिलेली, दोन्ही एकाच कंपनीच्या. तरी एकत्र नांदावयास तयार नाहींत.

व्यापाऱ्याची बाजू ऐकली पाहिजे. निरनिराळ्या देशांत खेळांना वयाप्रमाणें परवानगी देण्याचे नियम भिन्न आहेत. एका देशांत चालणारें दृश्य दुसऱ्या देशांत चालत नाहीं. विक्रीचे हक्क वेगवेगळ्या अडत्यांना दिलेले असतात. आणि सर्वत्र एकच भाव ठेवणें शक्य नसतें. हीं कारणें खोटीं नाहींत. परंतु तीं पुरेशीं आहेत काय? लंडनमध्यें घेतलेलें पुस्तक पुण्यांत उघडत नाहीं, असें झालें तर आपण त्या प्रकाशकास काय म्हणूं? पुस्तकांच्या व्यापारांतही देशोदेशींचे हक्क वेगळे असतात. पण ते विक्रेत्यांस बांधतात, वाचकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधीत नाहींत. विक्रीची शिस्त विक्रीबरोबर संपावी, ती घेणाऱ्याच्या घरापर्यंत पाठलाग करीत येऊं नये, ही आपली साधी न्यायबुद्धि आहे. आणि ही बुद्धि अव्यवहार्यही नाहीं, याचा पुरावा त्याच कंपनीनें दिला आहे. २०१७ सालीं निघालेल्या 'स्विच' यंत्राच्या खेळांना तिनें देशबंदी ठेवली नाहीं, आणि त्यामुळें तिचा व्यापार बुडाला असें कांहीं झालें नाहीं.

तिसरी अडचण भाषेची. हिच्यासाठीं एकच उदाहरण घेतों, कारण त्यांत या विषयाचें सारें मर्म एकवटलें आहे. शिगेसातो इतोई या जपानी लेखकानें रचलेला 'मदर ३' हा खेळ २००६ सालच्या एप्रिलमध्यें 'गेम बॉय ॲडव्हान्स' या यंत्रासाठीं जपानांत प्रसिद्ध झाला. त्याची कथा एका खेड्याची आहे. ताझमिली नांवाच्या या गांवांत पैसा कोणास ठाऊक नाहीं. ज्याला जें लागेल तें शेजारी देतो. ल्यूकस आणि क्लॉस या जुळ्या भावांची आई मरते, घर विस्कटतें, आणि त्याच सुमारास परकी माणसें येऊन गांवाला पैशाची, खरेदीची आणि घरोघर ठेवावयाच्या सुखाच्या पेट्यांची चटक लावतात. पाहतां पाहतां गांव बदलतें. मुलांचा म्हणून विकलेल्या खेळांत शोक, लोभ आणि समाजाचा ऱ्हास यांचें असें चित्र क्वचितच आढळेल. या खेळाची इंग्रजी आवृत्ति कंपनीनें काढली नाहीं. जपानी न जाणणाऱ्या रसिकांनीं दोन वर्षें वाट पाहिली. आणि अखेर क्लाइड मँडेलिन या व्यवसायानें भाषांतरकार असलेल्या गृहस्थाच्या नेतृत्वाखालीं हौशी मंडळींनीं तो सबंध खेळ स्वतःच इंग्रजींत आणून ऑक्टोबर २००८ मध्यें जगापुढें ठेवला. मोबदला शून्य. त्यांनीं लोकांस खेळ दिला नाहीं; मूळ खेळांत कोठें काय बदलावें याची केवळ फरकपत्रिका दिली. ज्याच्याजवळ खेळ आहे त्यानें ती त्याला जोडावयाची. पुढें मँडेलिन यानें आपलें भाषांतर कंपनीस फुकट देण्याचीही तयारी जाहीरपणें दाखविली. २०२४ च्या फेब्रुवारींत कंपनीनें हा खेळ आपल्या वर्गणीच्या संग्रहांत पुन्हां आणला, तोही जपानापुरताच.

येथें थोडें थांबून विचार करावा. पैसा शिरल्यामुळें एका गांवाचें शेजारधर्माचें जीवन कसें नासलें हें सांगणारी ही कथा, व्यापारानें परभाषिकांसाठीं बंद ठेवली आणि शेजारधर्मानें उघडली. या मंडळींनीं कायद्याच्या काटेकोर भाषेंत मूळ लेखकाच्या भाषांतराच्या हक्काला हात घातला, हें नाकबूल करतां येणार नाहीं. परंतु त्यांच्या कृत्यास चोरी म्हणावयास जीभ कचरते, आणि ती कां कचरते याचा शोध घेणें हें नीतिविचाराचें काम आहे.

चौथी अडचण दुकानाची, आणि ती सर्वांत नवीन. खेळ आतां डबींतून न येतां तारेवाटें किंवा हवेंतून थेट यंत्रांत उतरतात. त्यांत मळ चढण्याची भीति नाहीं, टपालखर्च नाहीं, जकातीची कटकट नाहीं. परंतु ज्या दुकानांतून ते उतरतात तें दुकान कंपनीचें एकटीचें असतें. सोनी कंपनीनें २००९ सालीं काढलेल्या 'पी एस पी गो' यंत्राला तबकडी घालण्याची जागाच नव्हती. ज्यांनीं आधींच्या यंत्रासाठीं तबकड्या घेतल्या होत्या त्यांच्या तबकड्या त्याच्यापुढें निरुपयोगी ठरल्या. २०२१ च्या मार्चमध्यें त्याच कंपनीनें आपलीं तीन जुनीं दुकानें बंद करण्याचें जाहीर केलें. ग्राहकांनीं गलबला केल्यावर पुढच्याच महिन्यांत त्यांपैकीं दोहोंना जीवदान मिळालें, पण 'पी एस पी'वरील दुकानाची विक्री जुलैंत थांबलीच. निन्टेन्डोनें 'थ्री डी एस'च्या दुकानांतील विक्री २७ मार्च २०२३ रोजीं बंद केली. जे खेळ केवळ त्या दुकानांतच मिळत, ते त्या दिवसापासून जगांत कोठेंही विकत मिळेनासे झाले. व्हिडिओ गेमच्या इतिहासासाठीं काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेनें त्याच वर्षीं केलेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, २०१० पूर्वीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत उपलब्ध नाहींत. आणि गेम बॉयच्या खेळांपैकीं तर शंभरांत सहाही मिळत नाहींत.

आतां पहिल्या प्रश्नाकडे येऊं. स्वत्व म्हणजे काय याचा खल आपल्या शास्त्रकारांनीं पुष्कळ केला आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्वत्व हें शास्त्रावरून कळतें कीं लोकव्यवहारावरून, असा वाद घालून लोकव्यवहाराच्या बाजूनें कौल दिला. आणि नैयायिकांत स्वत्वाचें एक लक्षण असें प्रचलित होतें कीं, जिचा यथेष्ट विनियोग करण्यास आपण योग्य असूं ती वस्तु आपली. या लक्षणावर शंका घेण्यासारखें पुष्कळ आहे, परंतु सामान्य माणसाच्या मनांतील 'माझें' या शब्दाचा अर्थ त्यानें बरोबर पकडला आहे. माझें पुस्तक मी वाचीन, ठेवीन, मित्रास देईन, मुलास वारसा म्हणून ठेवीन. कॅसेटीचें स्वत्व या अर्थीं खरें होतें. देशबंदीनें त्याचा एक भाग कापला, आणि हवेंतून उतरणाऱ्या खेळानें तर त्याचें सबंध रूपच पालटलें: दुसऱ्यास देतां येत नाहीं, विकतां येत नाहीं, आणि दुकान चालू असेल तोंवरच पुन्हां उतरवून घेतां येतें. व्यवहारांत याला भाडेपट्टा किंवा परवाना म्हणतात. परवाना विकणें हा अधर्म नव्हे. अधर्म आहे तो परवाना विकून 'खरेदी' हा शब्द दाखविण्यांत. कॅलिफोर्निया राज्यानें २०२४ सालीं कायदा करून, ग्राहकास केवळ परवाना मिळत असेल तर तसें स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असे शब्द वापरूं नयेत असें ठरविलें, तें याच न्यायबुद्धीनें. मिताक्षरेचा लोकव्यवहार आणि कॅलिफोर्नियाचा कायदा यांचें येथें एकमत व्हावें, यांत आश्चर्य नाहीं. शब्दाला जागणें हा व्यापाराचा पहिला धर्म आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुन्या यंत्राचें सोंग नव्या यंत्राकडून हुबेहूब वठविणारी आज्ञावली मिळते. तिला एम्युलेटर म्हणतात. सोंग वठविणें हें स्वतः पाप ठरलेलें नाहीं. २००० सालीं अमेरिकेंतील अपील कोर्टानें सोनीविरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यांत, अशी आज्ञावली तयार करतांना अभ्यासासाठीं केलेली नक्कल न्याय्य उपयोगांत मोडते असा निकाल दिला. प्रश्न आहे तो त्यांत घालावयाच्या खेळाच्या प्रतीचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानें, संगणकीय आज्ञावली ज्याच्याजवळ रीतसर आहे त्याला ती नष्ट होण्याच्या भयास्तव राखीव प्रत करण्याची मुभा दिली आहे. आणि २०१२ सालीं घातलेल्या ६५ अ कलमानें, हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप फोडणें हा गुन्हा ठरविला आहे. म्हणजे कायद्यानेंही मालकी आणि हेतु या दोन गोष्टींकडे पाहिलें आहे. नीतीलाही त्याच दोन गोष्टींपासून सुरुवात करावी लागेल.

पुष्कळ लोक एकच युक्तिवाद करतात: "प्रत केल्यानें मूळ वस्तु कमी होत नाहीं, मग कोणाचें गेलें काय?" हा युक्तिवाद फसवा आहे, कारण तो मान्य केला तर आज प्रसिद्ध झालेला खेळही उद्यां फुकट घेणें न्याय्य ठरेल, आणि ज्यांनीं तो रचला ते उपाशी राहतील. उलट बाजूचे लोक म्हणतात: "परवानगी नाहीं ना? मग संपलें. चोरी ती चोरी." हाही युक्तिवाद तितकाच उतावळा आहे, कारण तो स्वतःच्या कॅसेटीची राखीव प्रत करणारा मनुष्य आणि हजारों खेळ भरून यंत्रें विकणारा दुकानदार यांस एकाच बेडींत अडकवितो.

माझ्या मतें येथें पायऱ्या मानल्या पाहिजेत. आपण घेतलेल्या कॅसेटीची प्रत करून ती दुसऱ्या यंत्रावर खेळणारा निर्दोष आहे. त्यानें मोल दिलें आहे आणि तो वस्तु काळापासून राखीत आहे. दोन्हीं देशांचा माल रीतसर घेऊन देशबंदी ओलांडणाऱ्याचेंही तसेंच. त्यानें कोणाचा पैसा बुडविला नाहीं. जो खेळ कोठेंच विकत मिळत नाहीं त्याची प्रत घेणारा यापुढच्या पायरीवर आहे. त्याचें कृत्य कायद्यानें सदोष असेल, पण ज्यानें विक्रीच बंद केली त्याला आपली विक्री बुडाली अशी तक्रार करण्यास फारसें तोंड उरत नाहीं. जो खेळ आज योग्य भावानें मिळतो तो फुकट लाटणारा मात्र दुसऱ्याच्या श्रमावर जगतो. आणि जो परक्यांचे हजारों खेळ स्वस्त यंत्रांत कोंबून ते आपल्या नांवानें विकतो, तो सर्वांत खालच्या पायरीवर. कारण त्याला ना खेळाचें प्रेम, ना रचणाऱ्याची चाड. अशीं यंत्रें आज सुलभ झालीं आहेत आणि सुशिक्षित घरांत मुलांस सहज भेट दिलीं जातात. देणाऱ्यानें क्षणभर विचार करावा कीं, आपण मुलाला खेळ देत आहों कीं "फुकट मिळालें तें आपलें" हा धडा देत आहों.

येथें एक आक्षेप बळकट आहे आणि त्यास बगल देणें बरें नव्हे. कर्त्याला आपली कृति लोकांपासून आवरून धरण्याचा हक्क नाहीं काय? कवीला कविता फाडण्याचा अधिकार आहे. मग कंपनीला खेळ मागें घेण्याचा कां नसावा? अप्रकाशित कृतीच्या बाबतींत हा हक्क मी पूर्णपणें मानतों. परंतु प्रकाशन हा एकतर्फी व्यवहार नव्हे. कृति एकदां लोकांच्या हातीं दिली, तिचें मोल घेतलें, एका पिढीच्या बालपणांत ती विणली गेली, कीं तिच्यावर लोकांच्या स्मृतीचाही कांहीं हक्क उत्पन्न होतो. तो हक्क तिच्यावर पैसे मिळविण्याचा नाहीं. ती नाहींशी होऊं न देण्याचा आहे. कर्त्यानें गप्प राहावें, नवी आवृत्ति काढूं नये, हें त्याच्या इच्छेवर. पण बोललेला शब्द श्रोत्यांच्या कानांतून परत उपटून घेण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

याकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम काय होतो हें पाहण्यासाठीं जपानांत जाण्याचें कारण नाहीं. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला आणि त्यानें गर्दीचे विक्रम केले. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. छायाचित्रें आहेत, जाहिराती आहेत, आणि आवाज मात्र कायमचा गेला. ज्या काळीं प्रती होत्या त्या काळीं तो निव्वळ करमणुकीचा माल मानला जात होता, आणि करमणुकीचा माल कोणी जपून ठेवीत नाहीं. खेळांची आज तीच स्थिति आहे. ग्रंथालयांनीं बाजारांत न मिळणारे जुने खेळ दूरच्या अभ्यासकांस घरबसल्या पाहूं द्यावे, ही मागणी २०२४ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीनें फेटाळली; लोक अभ्यासाच्या मिषानें ते मौजेखातर खेळतील, ही भीति त्यांतील एक प्रमुख कारण होती. कादंबरी वाचतांना वाचकास आनंद होईल म्हणून ती ग्रंथालयांत ठेवूं नये, असें अद्याप कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

कोणी विचारील कीं, नव्या यंत्रावर सोंग घेऊन आलेला खेळ हा खरा खेळ तरी आहे काय? मिलिंदप्रश्नांत नागसेनानें राजाला विचारलें होतें कीं रथ म्हणजे चाक, कीं आंस, कीं जूं? तसाच हा प्रश्न. खेळ म्हणजे प्लास्टिकची डबी, कीं तिच्यांतील आज्ञांची ओळ, कीं खेळणाऱ्याच्या बोटांतला आणि मनांतला व्यापार? हिरवट पडदा, खिडकीशीं धरलेला हात, सेल संपत आल्याची धास्ती यांना त्या काळच्या अनुभवांत जागा होती, आणि ती कोणतेंही सोंग पुरतेपणीं परत आणणार नाहीं. परंतु म्हणून अडचणीचीच पूजा करूं लागणें हा भाबडेपणा होय. मोडी वाचतां येत नाहीं म्हणून पणजोबांचीं पत्रें बांधून माळ्यावर ठेवणाऱ्यापेक्षां, तीं बाळबोधींत उतरवून घेणारा नातू त्यांचा खरा वारस. त्यानें मूळ पत्रेंही जपावींत हें उत्तम. पण वाचतां येण्याजोगी प्रत आधीं करावी.

या सर्वांतून जीं कर्तव्यें निघतात तीं साधीं आहेत. विकणाऱ्यानें खरेदी व परवाना यांतला भेद उघड सांगावा, दुकान बंद करतांना घेणाऱ्याच्या मालाची सोय लावावी, आणि जो खेळ स्वतः विकावयाचा नाहीं तो ग्रंथालयांस जपूं द्यावा. घेणाऱ्यानें, जें मिळतें त्याचें मोल द्यावें, आणि जें मिळत नाहीं तें राखतांना आपण राखणदार आहों, दुकानदार नव्हे, हें विसरूं नये. आणि घरांतील वडील मंडळींनीं, मुलाच्या हातांतील यंत्र हें वायफळ म्हणून उडवून लावण्यापूर्वीं, त्यानें विचारलेल्या एका प्रश्नाचें उत्तर तयार ठेवावें. "पैसे दिले, तरी हा खेळ माझा कां नाहीं?" असें तो एक दिवस विचारील. खरेदी म्हणजे काय, वचन म्हणजे काय आणि दुसऱ्याचें तें दुसऱ्याचें कां, हीं तीन प्रकरणें समजावून देण्यास याहून चांगली संधि घरबसल्या दुसरी मिळणें कठीण.